सालदारांना जमीन सांभाळायचं प्रशिक्षण द्यायचंय, सह्या-अंगठ्यांपलीकडे जाईल असं

तापीकाठची, चोपडा तालुका (फेब्रुवारी)

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय उपयोगाचं उत्तर मिळणार नाही.

आमची जमीन तापीच्या उत्तरेला, 38 एकर, भारी काळी. 24 एकर केळी, बाकीच्यात कापूस, मका, हरभरा. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून कारभार माझ्याकडे आहे. चार सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेली माणसं, आणि हंगामाप्रमाणे 15 ते 20 रोजदार. अर्धी माणसं गावातली, अर्धी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणारी पावरा आदिवासी कुटुंबं. सालदारांपैकी एकालाच वाचता येतं.

आमचा माल दोन हंगामांपासून आखातात जातो. घेणाऱ्यांना ग्लोबल गॅपची (चांगल्या शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्राची) फाइल लागते, आणि त्या फाइलीत मजुरांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी: तारीख, विषय, हजेरी, सही. म्हणून जानेवारीत एका कंपनीच्या दोन माणसांना बोलावलं. गोडाऊनमध्ये पडदा लावला, दीड तास चित्रं दाखवली. शाश्वत भूव्यवस्थापन, मृदा आरोग्य, कर्ब उत्सर्जन असे सगळे शब्द झाले. चहा-पोहे झाले, 19 सह्या आणि अंगठे झाले, फोटो झाला.

चौथ्या दिवशी कांदेबागेच्या (ऑक्टोबरच्या सुमाराला लावतात त्या केळीच्या) रिकाम्या तुकड्यातला पाला आणि वाळलेले खांब बांधावर ओढून पेटवून दिले. मी चोपड्याला बँकेत होते. परत आले तेव्हा बांधावरचे दोन निंब अर्धे होरपळलेले, उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याला आड म्हणून लावलेली शेवरीची ओळ गेलेली, आणि ड्रिपची सबमेन, म्हणजे पाण्याची पुरलेली नळी, जिथे वर आली होती तिथे वितळलेली. मी खूप चिडले. जुने सालदार, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हीच तं सांगेल व्हतं, दोन दिनमा वावर मोकयं पाह्यजे."

खरं होतं. मीच सांगितलं होतं. तुकडा उक्ता, म्हणजे कामाच्या ठोक रकमेवर, दिला होता, आणि दोन दिवसांत मोकळा करायचा तर जाळण्यावाचून दुसरा मार्गच नाही.

तेव्हापासून मी बाकीच्या गोष्टीही नीट बघायला लागले. तणनाशक मारायची मजुरी आम्ही पंपावर, म्हणजे किती पंप फवारले त्यावर देतो. माणूस सकाळी दहा वाजेपर्यंत पंप संपवून मोकळा होतो, वाऱ्यात मारतो, बांधावरचं गवतसुद्धा जाळून टाकतो. तो बांध पावसात खचतो, मग जेसीबी लावून माती चढवावी लागते. रात्रीची लाइट असली की मोटार ऑटोवर (लाइट आली की आपोआप सुरू होईल अशी) टाकून सगळे झोपतात. युरिया किती टाकायचा याचं उत्तर "पान पिवळं दिसलं की" एवढंच.

माती तपासली. केळीच्या तुकड्यात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून मातीत आलेला कस, 0.38 टक्के, सामू (पीएच) 8.4. त्याच जमिनीत निंबाखाली, जिथे नांगर कधी गेला नाही, तिथे कर्ब 0.71. मधलं अंतर चाळीस पावलं. हे दोन आकडे पाहिले त्या रात्री मला झोप आली नाही. सासरे बोलू शकत नाहीत, पण मी कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या आखाजीला, सालदारांचं नवं साल सुरू होईल. त्याआधी मला हे प्रशिक्षण खरोखर करायचंय. कशापासून सुरू करू? कोणत्या भाषेत? किती वेळ? ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रमाण कसं समजावू? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आबा, यावल (निवृत्त कृषी सहायक)

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे, आणि ते तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून बरं वाटलं. मी नोकरीत शेतीशाळा पुष्कळ घेतल्या, आणि पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) योजना 2018 मध्ये आपल्या जिल्ह्यात आली तेव्हा शेवटची काही वर्षं तर जवळजवळ तेच काम केलं. त्यातून एक पक्कं कळलं. मजुराला काय शिकवलं यापेक्षा त्याला पैसे कशाचे मिळतात, हात त्यानेच चालतो.

पंपावर मजुरी दिली तर पंप संपवणं हेच काम होतं. मोठ्या भोकाचं नोझल लावलं की पंप लवकर संपतो, म्हणून तो तेच लावणार. तुम्ही त्याला दहा वेळा सांगा की तणनाशकाला चपट्या फवाऱ्याचं नोझल लागतं आणि कीटकनाशकाला पोकळ शंकूचं. तो मान हलवेल आणि जुनंच लावेल, कारण घरी पैसे पंपाचे जातात. तेव्हा आधी दर बदला. फवारणी रोजाने द्या, आणि वाऱ्यामुळे काम थांबवलं तर त्या दिवसाचा रोज तोडू नका. हे जमत नसेल तर प्रशिक्षणावर खर्च करू नका. कडक वाटेल, पण मी पाहिलेलं सांगतो.

ग्लायफोसेट वापरत असाल तर हेही लक्षात घ्या की ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच मारायचा आदेश काढला. ते केळीसाठी शिफारशीतच नाही, पिलावर (बुडाशी फुटणाऱ्या कोंबावर) उडालं तर पील जातं. निर्यातीच्या फाइलीत ते कुठे दिसलं तर अडचण तुमचीच.

आता पाल्याचं. तुमच्या माणसांना "जाळू नका" एवढंच सांगितलं असणार. ते अपुरं आहे, कारण केळीत सगळा पाला सारखा नसतो. करपा आलेलं पान, म्हणजे सिगाटोकाचं, कापून वावराबाहेर न्यायचं असतं. कुकुंबर मोझॅक या विषाणूरोगाचं झाड मुळासकट उपटून गाडायचं असतं. आम्हीच वर्षानुवर्षं गावोगाव सांगितलं की रोगट पानं बाहेर काढून नष्ट करा. मजुराने त्यातून एवढंच धरलं की पाला म्हणजे बाहेर काढायची वस्तू. त्यात त्याचा दोष नाही. म्हणून पहिला धडा बागेत उभं राहून, कोयता हातात घेऊन. हे पान खड्ड्यात, हे पान ओळीत खाली. पंधरा-वीस पानं त्यांना स्वतः वेगळी करू द्या. चूक झाली तर कुणाला रागावू नका, पान फिरवून ठिपके दाखवा.

खांबाबद्दल. पील ठेवायचं असेल तर घड कापल्यावर आईचा खांब एकदम बुडातून पाडायचा नाही. पानं काढा, खांब उभा राहू द्या, त्यातलं अन्न पिलाला उतरतं. मग टप्प्याटप्प्याने कापा. पील ठेवायचं नसेल तर खांबाच्या चकत्या करून ओळींत पसरा, किंवा श्रेडर (खांब-पाला बारीक करणारं यंत्र) आणि रोटाव्हेटर घाला. कंद मात्र फोडून उघडा पाडा, नाहीतर सोंडकिडा त्यातच राहतो. खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, सुकायला वेळ लागतो, म्हणून "दोन दिवसांत मोकळं" हा शब्द तुम्ही आधी सोडा. केळी पालाश (पोटॅश) फार उचलते आणि त्यातलं पुष्कळ खांबा-पानांत राहतं. बांधावर जाळलं की नत्र आणि गंधक हवेत जातं, कर्ब जातो, आणि पालाशाची राख बांधावर एका जागी पडून पहिल्या पावसात नाल्याला लागते. पुढे तेच पोटॅश तुम्ही गोणीने विकत आणता.

युरियाचं गणित निरक्षर माणसालाही समजतं, फक्त कागदावर नको. विद्यापीठाची शिफारस झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस), 200 ग्रॅम पालाश. पाच बाय पाच फुटांवर एकरात 1742 झाडं. म्हणजे नत्र झालं साधारण 348 किलो. युरियात नत्र 46 टक्के, 45 किलोच्या गोणीत 20.7 किलो. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं म्हटलं तर अख्ख्या पिकाला एकरी सतरा गोण्या. त्यातून शेणखत, डीएपी, विद्राव्य खतातलं नत्र वजा करा. समजा तेरा उरल्या. मग मोटारघरात एकराएकराची सुतळी टांगा, तिला तेरा गाठी मारा. गोणी फोडली की एक गाठ सोडायची. गाठी संपल्या की युरिया संपला. चिनावलच्या बाजूला एका मळ्यात ही सुतळी मी स्वतः लावली होती. तिथल्या सालदाराने सहाव्या महिन्यात मालकाला थांबवलं होतं, "गाठी दोनच उरल्यात."

पाण्याचंही तसंच. झाडाला चार लिटरचे दोन ड्रिपर असतील तर तासाला 8 लिटर. रात्रीचे दहा तास ऑटोवर चालू राहिलं तर 80 लिटर. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडालाही याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पुरतं. बाकीचं पाणी नत्राला घेऊन मुळाच्या खाली जातं. काही दिवसांत पान पिवळं, पुन्हा युरिया. हे दाखवायला एका ड्रिपरखाली बादली ठेवून रात्र काढा. सकाळी एकाच ड्रिपरचे चाळीस लिटर जमलेले असतात. एक बादली पुरत नाही, टब लागतो. तो टब पाहिला की बोलावं लागत नाही.

माती कशी घ्यायची हे मात्र सालदारांच्याच हाताने करून घ्या. खत टाकलेल्या आठवड्यात नको, ड्रिपरच्या अगदी तोंडाखालची नको, उकिरड्याजवळची नको, बांधालगतची नको. वेडंवाकडं चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, वरपासून खालपर्यंत सारखा काप, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो राहीपर्यंत. ज्याने माती उचलली त्याला अहवाल वाचून दाखवा. पाल येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा ममुराबादचं केंद्र, तुम्हाला जे सोयीचं असेल तिथे विचारा, गट मोठा असेल तर माणूस वावरात येतो.

एका वेळी एकच विषय, पाऊण तास, सकाळी सातला. आणि तो वेळ रोजात धरा.

सालदाराचा पोरगा, अमळनेर

ताई, मी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे वडील बावीस वर्षं सालदार आहेत, तीन मालकांकडे. आबांनी शास्त्र सांगितलं, मी घरचं सांगतो.

आमच्या वडिलांना ते ज्या वावरात राबतात त्याची नस न नस माहीत आहे. कुठे पाणी साचतं, कुठला कोपरा चोपण (कडक, पाणी न मुरणारा) आहे, कुठे पांढरी चुनखडी वर येते आणि तिथे केळीचं कोवळं पान पिवळं का निघतं. लोहाची कमतरता हा शब्द त्यांना माहीत नाही, पण ती जागा ते डोळे मिटून दाखवतील. कॉलेजात मी हे शिकलो तेव्हा घरी येऊन त्यांना विचारलं, तुम्ही हे मालकाला कधी सांगितलं का? ते म्हणाले, "आम्हले कोन इचारस?"

म्हणून पहिल्या दिवशी शिकवू नका. वावराचा नकाशा जमिनीवर राखेने काढा आणि नानांना विचारा, कुठे काय आहे. जे सांगतील ते लिहून घ्या, त्यांच्यासमोर. ज्याचं ऐकून घेतलं जातं तो पुढे ऐकतो.

भाषेचं: गावातल्यांसाठी अहिराणी, पावरा माणसांसाठी त्यांच्यातलाच एक जण बोलेल असं बघा. पावरा मंडळी मराठीत "हो" म्हणतात ते बऱ्याचदा तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. होळीच्या आधीचा आठवडा धरू नका, भोंगऱ्या बाजाराला सगळे गावी जातात आणि ते जायलाच हवेत. आखाजीला बाया माहेरी असतात. तुमच्या गावाचा बाजारवारही टाळा.

फवारणीचं एक कळकळीने सांगतो. मी नववीत होतो तेव्हा वडील कापसावर फवारून आले आणि ओट्यावरच पडले. उलट्या, घाम, डोळ्याची बाहुली बारीक झालेली. तीन दिवस दवाखान्यात होते. डब्यावर लाल त्रिकोण होता, ते तेव्हा घरात कुणालाच कळत नव्हतं. 2017 साली यवतमाळला फवारणीने किती शेतकरी-मजूर गेले ते सगळ्यांना आठवतं. डब्यावरचा त्रिकोण वाचावा लागत नाही, रंग बघावा लागतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे पंधरा मिनिटांत कुणालाही शिकवता येतं. रिकामे डबे मोटारघरात टांगून ठेवा आणि ओळखायला सांगा. डबा तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओतायचं, विहिरीच्या काठावर नाही. मग डब्याला भोक पाडायचं, नाहीतर तो कुणाच्या तरी घरी पाण्याला जातो. आमच्या वस्तीत गेलेला आहे, म्हणून लिहितोय.

जमीन सांभाळायची म्हणता त्यात ती राबणारी माणसंही धरा, एवढीच विनंती.

पांझराकाठ, साक्री तालुका

आमच्याकडे पांझरेवर फडाची जुनी पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, म्हणजे शिवाराचे मोठे भाग, आणि कोणत्या फडात यंदा कोणतं पीक हे गाव मिळून ठरवायचं. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला असतो. पाटाच्या शेवटच्या वावराला पाणी पोहोचलं की नाही याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. तुमच्या मळ्यात पाण्याला असा एक नावाचा माणूस आहे का? चार सालदारांत मोटार सगळ्यांची असेल तर ती कुणाचीच नसते. एकाकडे द्या, त्याचं साल (वर्षाची मजुरी) थोडं वाढवा.

दुसरं, बायांना वगळू नका. निंदणी त्याच करतात, तण त्यांनाच ओळखता येतं. बारीपाड्याला दरवर्षी वनभाज्यांची स्पर्धा भरते, तिथे गावच्या बाया रानातल्या किती भाज्या ओळखतात ते बघून या. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ते त्याच गावचं जंगल राखण्यासाठी. तुमच्या मजुरांना एक दिवस तिथे नेलंत तर पडद्यावरच्या चित्रांपेक्षा जास्त कळेल.

तापीकाठची, चोपडा तालुका

आबा, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. आबा, एक शंका. आपण ओळींत पाला आणि गवत ठेवायचं म्हणतो, पण कुकुंबर मोझॅक तणावरून येतो असंही ऐकलंय. मग जमीन झाकायची की स्वच्छ ठेवायची? हाच प्रश्न सालदार मला विचारणार आणि माझ्याकडे उत्तर नाही.

आबा, यावल

बरोबर जागेवर बोट ठेवलंत. कापलेल्या पाल्याने झाका, जिवंत तणाने नाही. केना हे तण तर अजिबात ठेवायचं नाही, विषाणू त्यावर राहतो आणि मावा ही बारीक कीड तो केळीवर नेते. बागेत आणि बागेशेजारी काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, चवळी लावू नका. हिरवळीचं काही हवं असेल तर ताग पेरा आणि फुलावर यायच्या आधी, दीड महिन्याच्या सुमाराला, कापून ओळीत टाका. बांधावरचं गवत मात्र कापायचं, मारायचं नाही. त्याच्या मुळ्यांनी तुमचा बांध उभा आहे.

तापीकाठची, चोपडा तालुका (जुलै)

उशिरा लिहितेय, पण झालं ते सांगायलाच हवं. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलं होतं.

आखाजीला साल ठरवताना आधी दर बदलले. फवारणी रोजाने. पाला-खांब पसरवणं हे तुकडा मोकळा करण्यातून वेगळं काम धरलं आणि त्याचे वेगळे पैसे. पाणी एका सालदाराकडे, त्याचं साल आठ हजारांनी वाढवलं, आणि ऑटो काढून टाकला. घरातून विरोध झाला. हे म्हणाले, खर्च किती वाढवतेस. मी दोन्ही माती-अहवाल त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, ही घट भरून काढायला किती लागेल ते सांगा. फवारणीला पूर्वीपेक्षा दीड दिवस जास्त लागला हे खरं. औषधही कमी लागलं, पण किती ते मी अजून नीट मोजलेलं नाही, म्हणून आकडा लिहीत नाही.

पहिला दिवस राखेच्या नकाशाचा केला. नाना अर्धा तास काहीच बोलले नाहीत. मग उठले, काठी घेतली आणि नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात रेघ मारली. म्हणाले, इथे पूर्वी नाला होता, तुमच्या आजेसासऱ्यांनी बुजवला, पाणी अजून तीच वाट शोधतं. त्या कोपऱ्यातली केळी दर पावसाळ्यात का बसते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. नाना आमच्याकडे अकरा वर्षं आहेत. अकरा वर्षांत आम्ही त्यांना विचारलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं, आणि मी ते त्यांना सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. तिथे जूनमध्ये चर काढला. परवाच्या मोठ्या पावसात पाणी चरातून गेलं.

टबाचा प्रयोग केला. पाणीवाला सालदार सकाळी टबाजवळ उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. आता तो रात्री दोन वाजता उठून व्हॉल्व्ह बदलतो. पण हेही बरोबर नाही, माणसाने किती रात्री जागायचं? टायमर बसवायचाय, दिवाळीपर्यंत जमेल.

मातीच्या ढेकळांचे दोन ग्लासही केले. एक ढेकूळ निंबाखालचं, एक तुकड्यातलं, दोन्ही वाळवून पाण्यात सोडली. तुकड्यातलं बघता बघता विरघळून पाणी गढूळ झालं. निंबाखालचं पुष्कळ वेळ टिकलं. एका पोराने विचारलं, मग पावसात आपलं वावर असंच विरघळतं का? मी हो म्हटलं. कुणी काही बोललं नाही.

निंदणीच्या दिवशी एका पावरा बाईने केना, तांदूळजा, घोळ आणि लव्हाळा असे चार ढीग वेगळे करून मांडले, मी सांगायच्या आधीच. केना ढोरांना, तांदूळजा आणि घोळ घरी भाजीला, लव्हाळा बांधाबाहेर उन्हात. तणनाशक मारलेल्या ओळीतली भाजी पोरांना द्यायची भीती वाटते, असं ती तिच्या भाषेत म्हणाली, तिच्या भावाने मला सांगितलं. आता केळीच्या आठ एकरांत तणनाशक पूर्ण बंद आहे आणि निंदणीची मजुरी त्यांनाच जाते. उरलेल्या सोळा एकरांत अजून मारतो. एकदम सगळीकडे बंद करायला माझ्याकडे हात पुरत नाहीत.

जे जमलं नाही तेही लिहिते. श्रेडर भाड्याने वेळेवर मिळाला नाही, म्हणून मृगबागेच्या (पावसाळ्याच्या तोंडाशी लावतात त्या केळीच्या) तीन एकरांतले खांब अजून नुसतेच आडवे पडलेत आणि सोंडकिड्याची भीती आहे. दादांनी सांगितलं होतं तरी मी एक दिवस बाजारवारी ठेवला, चारच जण आले. आणि शेजारच्या वावरात मेमध्ये पुन्हा पाला जळला, ठिणग्या आमच्या बांधावर आल्या. आमचीच माणसं कोयते घेऊन धावली, त्यांनी गवत कापून आग अडवली. निंबाला या वेळी धग लागली नाही.

युरियाच्या सुतळ्या मोटारघरात टांगल्यात, चोवीस. हिशोब करून प्रत्येकीला चौदा गाठी. कालपर्यंत कुठल्याही सुतळीच्या तीनपेक्षा जास्त गाठी सुटलेल्या नाहीत. सासऱ्यांना खुर्चीवरून तिथे नेलं होतं. त्यांनी डाव्या हाताने एक सुतळी धरून गाठी मोजल्या.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. ऑक्टोबरच्या कांदेबागेआधी रिकाम्या पाच एकरांत ताग पेरायचाय, बियाणं चोपडा-शिरपूर भागात खात्रीचं कुठे मिळेल? आणि श्रेडर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून घेतलाय असं कुणी आहे का? भाडं कसं वाटता, चालक कुणाचा, पाळी कशी लावता, ते सांगा. आमच्या शिवारात तिघं तयार आहेत.